वसईवरून गेलेले ज्ञानजाळे

भारतातल्या शैक्षणिक संगणक-जाळ्याची सुरुवात मुंबईच्या उपनगरांत झाली. जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, आणि पवईची आयआयटी या दोन संस्थांमध्ये १९८७ साली टेलिफोनच्या तारेवरून पहिली ई-पत्रे गेली-आली. देशातल्या विद्यापीठीय इंटरनेटचा आरंभ तिथूनच मोजला जातो. एनसीएसटीला जायला विलेपार्ल्याला उतरावे लागे. पार्ल्याहून वसई रोड रेल्वेने तीसेक किलोमीटर. एवढे अंतर कापायला त्या जाळ्याला वीसहून अधिक वर्षे लागली, आणि कापले तेही अर्धेमुर्धे. त्याचा दोष केवळ वसईच्या खाडीवर टाकता येणार नाही. जाळे कोणासाठी विणायचे, हे ते विणायला घेतानाच ठरले होते. प्रयोगशाळा असलेल्या, पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या, केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्था आधी. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेली, हजारो पोरांना पदवीपर्यंत नेणारी महाविद्यालये मागून, आणि तीही वेगळ्या दाराने.

जाळे येण्याआधी संगणकाकडे माणसाला चालत जावे लागे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक बसला. देशभरातल्या संस्था त्यावर आपली गणिते करून घेत. गणित छिद्रित कार्डांवर पाडायचे, कार्डांचा गठ्ठा नेऊन द्यायचा आणि पाळी लागली की छापील कागदाची भेंडोळी घेऊन परत यायचे. एखाद्या कार्डावरचे छिद्र चुकले तर सगळा खटाटोप पुन्हा. याच संस्थेतल्या सॉफ्टवेअरच्या राष्ट्रीय केंद्रातून १९८५ मध्ये एनसीएसटी वेगळी निघाली. तिचे संचालक श्रीनिवासन रमणी. संगणक एकमेकांशी बोलते करणे हा त्यांचा जुना ध्यास होता. २०१४ मध्ये त्यांचा समावेश इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये झाला, तो मुख्यतः याच कामासाठी.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ मध्ये एज्युकेशन अँड रिसर्च नेटवर्क, म्हणजे अर्नेट, हा प्रकल्प हाती घेतला. पैशाचा काही भार संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने उचलला. सुरुवातीचे भागीदार आठ होते: मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास इथल्या पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि दिल्लीत खुद्द इलेक्ट्रॉनिक्स खाते. या यादीत एकही विद्यापीठ नाही. जगाच्या मानाने भारत फार मागे होता असेही नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे अर्पानेट १९६९ चे असले, तरी ब्रिटनच्या विद्यापीठांचे जॅनेट १९८४ मध्ये उभे राहिले आणि अमेरिकेतल्या महासंगणक केंद्रांना जोडणारे एनएसएफनेट अर्नेटच्याच आगेमागे.

पहिली काही वर्षे या जाळ्याचे काम म्हणजे निव्वळ टपाल. युयूसीपी नावाच्या पद्धतीत दोन संगणक सतत जोडलेले नसत. एक यंत्र मोडेमवरून दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रे पलीकडे टाकी, तिकडची उचली आणि फोन ठेवून देई. सहसा हे रात्री चाले, कारण रात्री एसटीडीचे दर उतरत आणि तारांवरची गर्दीही कमी असे. पत्त्यात पुढच्या मुक्कामाचे नाव आधी आणि माणसाचे नाव शेवटी, मध्ये उद्गारचिन्हे. एनसीएसटीच्या यंत्राचे नाव ‘शक्ती’, त्यामुळे अमेरिकेतून इकडे येणारे पत्र ‘युयूनेट!शक्ती!’ अशा वाटेने येई. वाट ठाऊक नसेल तर पत्र जात नसे; पत्ता लिहिणाऱ्यालाच टपाल खात्याचे काम करावे लागे. फोन मध्येच तुटला की सगळे पहिल्यापासून. त्या काळात मुंबईतून दुसऱ्या शहरात फोन लागणे हेच नशिबाचे काम होते, तेव्हा ही पत्रे वेळेवर पोचत याचेच नवल वाटायला हवे.

मग भाड्याच्या कायमच्या तारा आल्या. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात सेकंदाला ९.६ किलोबिटची तार सुरू झाली, आणि १९९२ पर्यंत आठही भागीदार तशाच तारांनी जोडले गेले. ९.६ किलोबिट म्हणजे सेकंदाला बाराशे अक्षरे. आज फोनवर सहज पाठवला जाणारा एक मेगाबाइटचा फोटो त्या तारेवरून जायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागली असती, आणि तीही बाकी सर्वांनी आपापली कामे थांबवली तर. त्याच वर्षी एनसीएसटीहून अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील युयूनेटपर्यंत ६४ किलोबिटची तार पडली. देशभरातल्या संशोधकांचे परदेशी टपाल जुहूच्या त्या एका दारातून आत-बाहेर होई. भारताचे ‘डॉट इन’ हे नामक्षेत्रही मे १९८९ मध्ये एनसीएसटीच्याच स्वाधीन झाले होते. २००५ मध्ये नवे धोरण येऊन ते सर्वांना खुले होईपर्यंत त्याची नोंदवही मुंबईत राहिली. एनसीएसटी स्वतः पुढे सीडॅकमध्ये विलीन झाली.

संगणकांनी परस्परांशी कोणत्या भाषेत बोलावे, यावरही तेव्हा वाद होता. युरोपातली सरकारे आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटना ओएसआय नावाची पद्धत पुढे रेटत होती. अमेरिकी विद्यापीठे टीसीपी/आयपी वापरत होती. अर्नेटने दोन्ही चालवून पाहिल्या. १९९५ च्या सुमारास प्रश्न आपोआप मिटला: जवळपास सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवरून होऊ लागली होती. सरकारी खात्याच्या प्रकल्पाने अधिकृत मानकाला चिकटून न बसता चालते ते स्वीकारले, हे त्या काळात सोपे नव्हते.

पुण्याला हे जाळे लवकर मिळाले. खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठ केंद्र, आयुका, १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले आणि अर्नेटचे ठाणे तिथे आले. तिथल्या माणसांचे पत्ते ‘आयुका.अर्नेट.इन’ने संपत, पुणे विद्यापीठातल्यांचे ‘युनिपुणे.अर्नेट.इन’ने. नव्वदच्या दशकातल्या शोधनिबंधांच्या तळटिपा चाळल्या की अर्नेटचे शेपूट असलेले हे पत्ते जागोजागी भेटतात. ते असणे म्हणजे लेखक जोडलेल्या संस्थेत आहे, एवढे तरी नक्की. विद्यापीठांची ग्रंथालये संगणकाने जोडण्याचा इन्फ्लिबनेट हा प्रकल्पही १९९१ मध्ये आयुकाच्या आश्रयाने सुरू झाला आणि १९९६ मध्ये स्वतंत्र होऊन अहमदाबादेत स्थिरावला. वसईच्या गोष्टीत हे नाव पुढे पुन्हा येते.

सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. विदेश संचार निगमने, म्हणजे व्हीएसएनएलने, मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथे सेवा सुरू केली. २५० तासांची वर्गणी हजारो रुपयांत, आणि पत्ता ‘जीआयएएसबीएम०१.व्हीएसएनएल.नेट.इन’ असा, फोनवर सांगताना दम लागावा इतका लांब. सेवा ‘मुंबईत’ मिळाली, पण टेलिफोनची मुंबई आणि लोकलची मुंबई एक नव्हत्या. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगमची हद्द भाईंदरला संपत होती. भाईंदरचा कोड ०२२. रेल्वेपूल ओलांडून नायगावला उतरले की ०२५०. वसई, नालासोपारा, विरार हा सगळा पट्टा कल्याण दूरसंचार जिल्ह्यात मोडे. सकाळच्या लोकलने चर्चगेटला कामाला जाणाऱ्या माणसाच्या घरून मुंबईला लावलेला फोन एसटीडी ठरे. मोडेमने मुंबईचा क्रमांक फिरवायचा तर इंटरनेटच्या तासांबरोबर एसटीडीचे मीटरही पळे. भाजी, फुले आणि केळी रोज पहाटे मुंबईला पाठवणारा हा तालुका तारेच्या हिशेबात परगाव होता.

शिक्षणात मात्र या पट्ट्यात हालचाल होती. वसईत विद्यावर्धिनीचे अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय आणि संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय, विरारला विवा, आणि १९९४ मध्ये वसई रोडला विद्यावर्धिनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय. ही सगळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न, स्थानिक संस्थांनी काढलेली. संगणक अभियांत्रिकी शिकवणारी संस्था वसईत उभी राहत असताना देशाच्या शैक्षणिक जाळ्याचे मुख्य दार खाडीपलीकडे जुहूत होते, आणि तरी दोहोंत काही धागा नव्हता. धागा नसण्याला कोणाचा विरोध कारण नव्हता. अर्नेटची जोडणी मागायची तर भाड्याची तार हवी, उपग्रहाची तबकडी हवी, ती सांभाळणारा माणूस हवा आणि वर्षाकाठी भरायला लाखांत रक्कम हवी. पदवी महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकात असले शीर्षकच नव्हते.

त्यामुळे वसई-विरारच्या विद्यार्थ्याला इंटरनेटची ओळख करून दिली ती सायबर कॅफेने. दोन हजार सालाच्या आगेमागे स्टेशनबाहेरच्या गाळ्यांत प्लायवूडचे खण आणि तासाच्या दराची पाटी लावून ती दुकाने उभी राहिली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचे, एमकेसीएलचे, एमएस-सीआयटीचे वर्ग त्यांच्या शेजारीच निघाले. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागल्यावर शिक्षकांपासून तलाठ्यांपर्यंत सगळे तिथे माउस धरायला शिकले. राज्यात अभियांत्रिकीचे प्रवेश संगणकावर गेले, पाठोपाठ २००९ पासून मुंबई महानगर प्रदेशात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, आणि दहावीच्या निकालानंतर वसईतल्या पालकांच्या रांगा कॉलेजच्या खिडकीऐवजी सायबर कॅफेत लागल्या. तालुक्यातले शैक्षणिक जाळे म्हणायचे तर प्रत्यक्षात ते हेच होते: खासगी, गल्लीतले, तासावर भाड्याने मिळणारे.

विद्यापीठांपर्यंत अर्नेट पोचवण्याचा मोठा प्रयत्न विद्यापीठ अनुदान आयोगाने २००२ च्या अखेरीस केला. यूजीसी-इन्फोनेट ही ती योजना. तिने विद्यापीठांना जोडण्या दिल्या आणि त्यांवरून संशोधनपत्रिका वाचण्याची सोय केली. मुंबई विद्यापीठात म्हणजे कालिन्याच्या आवारात ती सोय आली. विद्यापीठाशी संलग्न शेकडो महाविद्यालयांत ती आपोआप झिरपली नाही. विद्यापीठ म्हणजे आवार की विद्यार्थी, हा प्रश्न अशा योजनांत सहसा आवाराच्या बाजूने सुटतो.

राष्ट्रीय ज्ञानजाळे, नॅशनल नॉलेज नेटवर्क किंवा एनकेएन, ही कल्पना याच्या कितीतरी पट मोठी होती. सॅम पित्रोदा यांच्या अध्यक्षतेखाली २००५ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय ज्ञान आयोगाने देशातल्या ज्ञानसंस्था गिगाबिटच्या वेगाने जोडाव्यात अशी शिफारस केली. सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार आर. चिदंबरम यांच्या समितीने आराखडा पुढे नेला. ९ एप्रिल २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते पहिला टप्पा सुरू झाला, आणि मार्च २०१० मध्ये मंत्रिमंडळाच्या समितीने दहा वर्षांसाठी ५,९९० कोटी रुपये मंजूर केले. उद्दिष्ट दीड हजार संस्थांचे. उभारणी राष्ट्रीय सूचना केंद्राकडे, म्हणजे एनआयसीकडे. जिल्ह्याजिल्ह्याची सरकारी कार्यालये ऐंशीच्या दशकापासून उपग्रहाने जोडत आलेली हीच संस्था.

एनकेएनने नव्या तारा फारशा पुरल्या नाहीत. बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड यांच्या आधीच पडलेल्या काचतंतूंवर तिने क्षमता घेतली आणि वर आपली यंत्रणा बसवली. मधला कणा दहा गिगाबिटच्या पटीत, त्याला जोडलेली शहरांची ठाणी, आणि ठाण्यांपासून संस्थांपर्यंत एक गिगाबिट किंवा शंभर मेगाबिटच्या फांद्या. एक गिगाबिट म्हणजे १९९१ च्या दिल्ली-मुंबई तारेच्या लाखपट.

एवढा वेग खरोखर कोणाला लागतो? काहींना लागतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या कण-टकरींची माहिती एका जागी मावत नाही, म्हणून ती जगभरातल्या केंद्रांत वाटून ठेवली जाते. त्यांपैकी सीएमएस या शोधकाच्या माहितीचे एक केंद्र टीआयएफआरमध्ये आहे, आणि कुलाबा ते जिनिव्हा ही वाहतूक एनकेएनच्या बळावर चालते. युरोप आणि आशिया यांच्या संशोधन-जाळ्यांना जोडणाऱ्या टाइन-३ चे भारतातले ठाणेही मुंबईतच आले. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये आकाराला आलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमध्ये दूरदूरच्या रुग्णालयांतले डॉक्टर एकाच रुग्णाचे फोटो आणि अहवाल समोर ठेवून उपचार ठरवतात. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये बसलेल्या परम ब्रह्म या महासंगणकापर्यंत बाहेरच्या संशोधकाला पोचवणारी वाटही हीच. १९६४ मध्ये कार्डांचा गठ्ठा घेऊन कुलाबा गाठणाऱ्याची अडचण इथे पुरती संपली.

आणि वसई? मुंबईहून अहमदाबाद-दिल्लीकडे जाणारा लोहमार्ग वसई रोड आणि विरारमधून जातो. राष्ट्रीय महामार्ग त्याच दिशेने तालुक्याच्या पूर्वेकडून. १८६७ मध्ये विरारहून पहिली उपनगरी गाडी निघाली तोच हा मार्ग. रेल्वेने आपल्या रुळांच्या कडेने काचतंतू पुरले आणि ते विकण्या-चालवण्यासाठी २००० मध्ये रेलटेल स्थापन झाली. बोरिवली सोडल्यावर सुसाट निघून जाणाऱ्या मेल गाड्या वसईकर फलाटावरून पाहत असतात, तसाच हा उजेड त्यांच्या पायांखालून गेला. तंतू शेजारून जातो म्हणजे जोडणी मिळते असे नाही. प्रकाश कित्येक किलोमीटर न उतरता धावतो. मध्ये जिथे तो वाढवतात तिथेही उतरवतातच असे नाही. उतरवायचा तर ठाणे लागते: सतत वीज, थंड खोली, महागडी स्विचयंत्रे, आणि तिथून महाविद्यालयापर्यंतचा शेवटचा किलोमीटर, म्हणजे रस्ता खोदण्याची परवानगी. वसई-विरार महापालिकाच मुळी जुलै २००९ मध्ये चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती, पण पालघर जिल्हा व्हायला ऑगस्ट २०१४ उजाडले. तोवर जिल्हा ठाणे, विद्यापीठ मुंबई, टेलिफोन कल्याण. योजनांच्या नकाशावर ठिपका द्यायचा तर तो वसईला देण्याचे कारण कोणाकडेच नव्हते.

या जिल्ह्यात मोठ्या विज्ञानाची एकच जागा होती, तारापूर. तिथल्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून चालू झाल्या. अणुऊर्जा खात्याने आपल्या केंद्रांसाठी अणुनेट हे स्वतःचे जाळे उभारले. कारखाना, सुरक्षा, कुंपण. त्या जाळ्याचा बोईसरच्या कॉलेजला उपयोग असण्याचा प्रश्न नव्हता.

संलग्न महाविद्यालयांसाठी सरकारने दुसरे दार उघडले. फेब्रुवारी २००९ मध्ये मनुष्यबळ विकास मंत्रालयाने माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली. विद्यापीठांना एक गिगाबिट, महाविद्यालयांना बीएसएनएल किंवा एमटीएनएलच्या ५१२ किलोबिटच्या ब्रॉडबँड जोडण्या. खर्चाचे ७५ टक्के केंद्राचे, २५ टक्के संस्थेचे. आवार आणि संलग्न महाविद्यालय यांच्यातले अंतर आकड्यांत मांडायचे झाले तर ते इथे सरळ दिसते: एका जोडणीला एक, दुसरीला त्याचा सुमारे दोन हजारावा भाग. या जोडण्या टेलिफोनच्या त्याच तांब्याच्या जोडतारांवरून येत. वसईसारख्या सखल, खाडीकाठच्या मुलखात पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलांत पाणी शिरणे नवे नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी येऊन गाड्या थांबल्या आणि वस्त्या दोन-दोन दिवस अंधारात होत्या, तेव्हा तारांचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. संगणक-प्रयोगशाळेचा साहाय्यक मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे ते पाहून प्राध्यापकांना वर्ग घ्या की नको ते सांगे, अशी अवस्था तालुक्यातल्या कॉलेजांतच होती असे नव्हे. राज्यात बहुतेक ठिकाणी होती.

तरी या अरुंद वाटेवरून एक चांगला प्रयोग झाला. आयआयटी मुंबईचे दीपक फाटक यांनी २००९-१० च्या सुमारास एकाच वेळी हजार शिक्षकांना शिकवण्याचा कार्यक्रम आखला. पुढे तो दहा हजारांवर नेला. पवईतून व्याख्यान, राज्याराज्यांतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दूरस्थ केंद्रे, आणि प्रत्येक केंद्रात शिक्षकांचा गट. प्रश्न विचारायचा तर केंद्रातल्या माणसाने पडद्यावर हात वर करायचा, पवईहून त्याचे नाव घेतले जाई आणि कॅमेरा त्याच्याकडे वळे. गिगाबिटचा वेग इथे लागतच नव्हता. लागत होती ती न तुटणारी जोडणी, आणि दोन्ही टोकांना विषयाची चाड असलेली माणसे.

ग्रंथालयाच्या बाबतीत कोडे याहून सोप्या रीतीने सुटले. इन्फ्लिबनेटने २०१० मध्ये एन-लिस्ट ही योजना महाविद्यालयांसाठी काढली. वर्षाला पाच हजारांच्या घरातली वर्गणी भरली की हजारो संशोधनपत्रिका आणि लाखो ई-पुस्तके खुली होतात. यूजीसी-इन्फोनेटमध्ये पत्रिका वाचायला विद्यापीठाच्या आवारातल्या जोडणीवर बसावे लागे. एन-लिस्टमध्ये ग्रंथपाल प्रत्येकाला नाव आणि परवलीचा शब्द देतो, मग जोडणी कोणतीही चालते. एका ओळीत सांगण्याजोगा हा बदल, पण वसईसारख्या ठिकाणी जाळ्याच्या सगळ्या इतिहासात त्याच्याइतका उपयोगी दुसरा झाला नाही. वेगळे जाळे विणूनच ज्ञान पोचवायचे हा आग्रह त्याने मुकाट्याने सोडून दिला. ग्रंथपालांची तक्रार निराळीच असते: परवलीचे शब्द वाटले जातात आणि वापरले जात नाहीत.

इंटरनेटशिवाय चालणार नाही अशी पाळी महाविद्यालयांवर आणली ती संशोधनाने नव्हे, परीक्षेने. पेपरफुटीला आळा घालायला मुंबई विद्यापीठ प्रश्नपत्रिका छापून पाठवण्याऐवजी परीक्षेच्या दिवशी इंटरनेटवरून देऊ लागले. पेपर सुरू होण्याच्या तासभर आधी केंद्रप्रमुख बंद खोलीत संगणकापुढे बसतो. परवलीचा शब्द येतो, प्रत्येक पानावर केंद्राची खूण उमटलेली प्रश्नपत्रिका उतरते, आणि मग झेरॉक्स यंत्र धडधडू लागते. तेवढ्यात जोडणी गेली तर? म्हणून दुसऱ्या कंपनीची जोडणी, तीही गेली तर कोणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट. संस्थाचालकांनी लीज्ड लाइनच्या खर्चाला मान हलवली ती अशा सकाळींनंतर. पुढे २०१७ मध्ये विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत सर्वत्र लागू केली. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. निकालाची जुलैअखेरची मुदत हुकली आणि निकाल पावसाळा सरेपर्यंत रखडले. त्यातला दोष जोडणीचा किती आणि घाईचा किती यावर बराच काथ्याकूट झाला. तपासणी केंद्रांतले प्राध्यापक पान उघडण्याची वाट पाहत बसत, हे मात्र सर्वांनी पाहिले.

एव्हाना सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले होते आणि मोबाइलवरचा डेटा जवळपास फुकट झाला होता. गल्लीतल्या केबलवाल्यांनी टीव्हीच्या तारेसोबत काचतंतूची जोडणी द्यायला घेतली. खांबाखांबावरून, गॅलऱ्यांवरून लोंबणारे काळे तंतू नालासोपाऱ्याच्या चाळींपर्यंत गेले. मोठ्या योजनेला जो शेवटचा किलोमीटर जड गेला, तो त्यांनी परवानगीच्या कागदांची फार तमा न बाळगता पार केला. २०१७ मध्ये केंद्राचे स्वयम् हे अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले, आणि आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्याने विरारच्या पोराच्या फोनवर आली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि लोकल सामान्य प्रवाशांसाठी बंद झाल्या. दुसऱ्या लशीनंतर चौदा दिवस झालेल्यांना लोकलची दारे पुन्हा उघडली ती १५ ऑगस्ट २०२१ पासून. मधल्या काळात तालुक्यातली सगळी महाविद्यालये झूम आणि गूगल मीटवर चालली. ही सगळी वाहतूक खासगी कंपन्यांच्या मोबाइल आणि ब्रॉडबँड जाळ्यांवरून झाली. महाविद्यालयाच्या इमारतीत गिगाबिटची तार असती तरी इमारतच बंद होती. अडचण तालुक्याच्या टोकांना आली, आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड या डोंगरी तालुक्यांत अधिक, जिथे फोनची रेंज पकडायला विद्यार्थी टेकाडावर जात. त्या भागातल्या ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली होती. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. तिचा तंतू ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येऊन थांबतो. तिथून पाड्यावरच्या शाळेपर्यंत तो नेणे हे पुन्हा वेगळे काम.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशकांच्या सुमारे तेरा हजार संशोधनपत्रिका, आणि अंमलबजावणी इन्फ्लिबनेटकडे. जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात केंद्र आणि राज्य सरकारांच्या अखत्यारीतल्या शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था आहेत. खासगी व्यवस्थापनाच्या संस्थांचा विचार नंतरच्या टप्प्यात व्हायचा आहे. वसई-विरारमधली महाविद्यालये बहुतांशी स्थानिक संस्थांनी काढलेली आहेत.